प्रगतिपुस्तकातली श्रेणी येते कुठून? पालकांचे वारंवार येणारे प्रश्न

ठाण्यातल्या एका अनुदानित मराठी शाळेत मी शिकवते, आणि परीक्षा विभागाचं कामही माझ्याकडेच आहे. दिवाळीच्या सुट्टीआधी आणि १ मेच्या आसपास पालकांचे मेसेज सुरू होतात. त्यांतले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बरेचसे नौपाडा, पाचपाखाडी, कळवा इथले आहेत, तर काही ऐरोली-कोपरखैरण्याच्या ओळखीच्या पालकांचे. उत्तरं राज्य मंडळाच्या शाळांना धरून आहेत. सीबीएसईबद्दल विचारायचं असेल तर थेट प्रश्न २० वर जा.

१. बाई, सरळ टक्के लिहायचे सोडून हे अ-१, ब-२ कशासाठी?

टक्के असतातच, ते श्रेणीच्या मागे असतात. शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला आणि त्याला धरून महाराष्ट्रात २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. शिक्षकांच्या खोलीत त्याला कुणी सीसीई म्हणतं, कुणी सासमू. प्रत्येक विषयाचे शंभरपैकी गुण काढायचे आणि ते कोणत्या पट्टीत बसतात ते पाहून श्रेणी लिहायची, एवढंच. ९१ ते १०० अ-१, ८१ ते ९० अ-२, ७१ ते ८० ब-१, ६१ ते ७० ब-२, ५१ ते ६० क-१, ४१ ते ५० क-२, ३३ ते ४० ड. त्याखाली २१ ते ३२ इ-१ आणि २० किंवा कमी असतील तर इ-२.

पट्ट्या ठरलेल्या आहेत. वर्गातली बाकीची मुलं हुशार असली म्हणून तुमच्या मुलाची श्रेणी खाली येत नाही.

२. आकारिक आणि संकलित यांत फरक काय?

सत्र चालू असताना वेळोवेळी जे तपासलं जातं ते आकारिक. सत्राच्या शेवटी जी परीक्षा होते ते संकलित. संकलितमध्ये लेखी पेपर असतो आणि १० गुणांची तोंडी किंवा प्रात्यक्षिक. आकारिकमध्ये दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रयोग, उपक्रम, प्रकल्प, छोट्या चाचण्या, स्वाध्याय-वर्गकार्य अशी साधनं असतात. सगळीच्या सगळी प्रत्येक विषयाला वापरत नाहीत. गणिताच्या बाई प्रकल्पाऐवजी चाचणीवर जास्त गुण ठेवतील, परिसर अभ्यासात उलटंही होईल. कोणत्या साधनाला किती गुण, हे विषयशिक्षक सत्राच्या सुरुवातीला ठरवतात. ते तेव्हाच विचारून घ्या. निकालाच्या दिवशी विचारून हाती काही लागत नाही.

३. दोन्हीचे गुण निम्मे-निम्मे असतात का?

फक्त पाचवी आणि सहावीत. पहिली-दुसरीला आकारिक ७०, संकलित ३०. तिसरी-चौथीला ६० आणि ४०. पाचवी-सहावीला ५० आणि ५०. सातवी-आठवीला ४० आणि ६०. नववीपासून लेखी ८० आणि अंतर्गत २०, म्हणजे दहावीचाच साचा.

४. मुलगा चौथीपर्यंत चांगला होता, सहावीत घसरला. वाईट संगत लागली असेल का?

संगतीकडे जरूर बघा, पण आधी प्रश्न ३ मधले आकडे घ्या आणि कागदावर मांडा. समजा, एक मूल वर्षानुवर्षं अगदी एकसारखं आहे. वर्गातलं काम, वही, उपक्रम यांत त्याला ९० टक्के मिळतात आणि सत्रपरीक्षेत ५० टक्के. दुसरीत त्याचे गुण होतील ६३ अधिक १५, म्हणजे ७८. चौथीत ५४ अधिक २०, म्हणजे ७४. सहावीत ४५ अधिक २५, म्हणजे ७०. सातवीत ३६ अधिक ३०, म्हणजे ६६. आणि नववीत १८ अधिक ४०, म्हणजे ५८.

मूल तेच, तयारी तीच, आणि प्रगतिपुस्तक मात्र ब-१ वरून ब-२ वर, पुढे अठ्ठावन्न टक्क्यांवर. पाचवीनंतर घरोघरी जी रडारड चालते तिच्यातली निम्मी या वजनबदलाची आहे असं माझं मत आहे. मूल घसरलेलं नसतं. लेखी परीक्षेतला त्याचा कच्चेपणा आधीही होता, तो झाकला गेला होता. म्हणून चौथीच्या अ-२ वर पेढे वाटताना एकदा संकलितचा रकानाही बघावा.

हाच हिशेब उलटाही चालतो. वही अर्धवट, उपक्रमात लक्ष नाही, पण पेपर छान लिहिणारी मुलं असतात. ती सातवीनंतर अचानक वर आल्यासारखी वाटतात.

५. एका विषयाचा खरा हिशेब करून दाखवाल का?

सहावी, गणित, पहिलं सत्र. आकडे नमुन्याचे आहेत, पण असं पान प्रत्येक वर्गाच्या नोंदवहीत सापडेल.

आकारिक ५० पैकी: निरीक्षण ५ पैकी ४, तोंडी काम ५ पैकी ३, कृती-उपक्रम १० पैकी ८, छोट्या चाचण्या १५ पैकी ९, स्वाध्याय व वर्गकार्य १५ पैकी १३. बेरीज ३७.

संकलित ५० पैकी: तोंडी १० पैकी ७, लेखी ४० पैकी २३. बेरीज ३०.

एकूण ६७, श्रेणी ब-२.

घरी येतो तो फक्त ‘ब-२’. आता रकाने बघा. स्वाध्यायात पंधरापैकी तेरा, आणि त्याच धड्यांवरच्या चाचणीत पंधरापैकी नऊ. लेखीतही चाळीसपैकी तेवीस. ही मुलगी वहीत गणित बरोबर सोडवते, पण समोर फळा, शेजारी मैत्रीण किंवा घरी ताई असेल तेव्हा. एकटीने, घड्याळ लावून सोडवायची वेळ आली की अडते. तोंडीचे कमी गुणही तेच सांगतात. तिला आणखी एक क्लास लावण्यापेक्षा घरीच वीस मिनिटं एकटीला बसवून चार उदाहरणं सोडवायला दिली तर जास्त उपयोग होईल. हे ‘ब-२’ या दोन अक्षरांत कुठेही दिसत नाही. पालकांना माझं एकच सांगणं असतं: श्रेणी वाढवून मागू नका, रकाने मागा.

६. पेपरात चाळीसपैकी अडतीस आहेत. मग अ-१ का नाही? एका मार्कासाठी मुलीचं मन मोडलं.

अडतीस लेखीचे. तोंडीचे ९ धरले तर संकलित ४७. आकारिकमध्ये ४३ असतील तर एकूण ९०, म्हणजे अ-२. अ-१ साठी ९१ लागतात. (बेरीज कशी होते ते प्रश्न ५ मध्ये आहे.)

‘एकच तर मार्क आहे, द्या ना’ हे दर सत्राला ऐकते. बेरीज चुकली असेल, एखादा प्रश्न तपासायचा राहिला असेल, तर त्याच दिवशी दुरुस्ती होते आणि व्हायलाच हवी. विनंतीवरून वाढ होत नाही. ती केली तर ८९ वाल्यांनी काय करायचं? तसंही ९० आणि ९१ मधला फरक मुलीच्या अभ्यासात शोधून सापडणार नाही. पट्टीची रेघ कुठेतरी ओढावी लागते, ती तिथे आहे.

७. निरीक्षणाचे गुण म्हणजे बाईंची मर्जीच ना?

ही शंका अगदीच चुकीची नाही. नोंदवहीत तारीख घालून, ‘अपूर्णांकांची तुलना करताना आकृती काढून पटवून दिलं’ अशी नोंद असेल तर त्या गुणांना आधार आहे. पण वर्गात पन्नास-साठ मुलं, त्यात जनगणना, निवडणूक, नाना प्रशिक्षणं आणि रोजची ऑनलाइन माहिती भरणं. मग पुष्कळ ठिकाणी सत्र संपताना एका बैठकीत सगळ्यांचे निरीक्षणाचे गुण भरले जातात. अशा वेळी बडबड्या मुलाला थोडे जास्त आणि मागच्या बाकावर गप्प बसणाऱ्या मुलीला थोडे कमी मिळतात. पद्धतीतला हा सगळ्यात कच्चा दुवा आहे.

पालकांनी काय करावं? गुणांवरून भांडू नये. ‘बाई, ती वर्गात बोलते का?’ एवढं सप्टेंबरमध्ये विचारावं. विचारलेल्या मुलाकडे शिक्षकाचं लक्ष जातं. हा मनुष्यस्वभाव आहे, शिक्षक त्याला अपवाद नाहीत.

८. प्रकल्पासाठी आम्ही दोन रात्री जागलो. आठशे रुपये गेले. तरी दहापैकी सहाच?

दोन रात्री कोण जागलं, हे तुमच्या वाक्यातच आलं.

स्टेशनजवळच्या दुकानांत पावसाचं पाणी साठवण्याचं मॉडेल, ज्वालामुखी, पवनचक्की सगळं तयार मिळतं. एकाच वर्गात एकाच साच्यातल्या चार पवनचक्क्या येतात, तीनची पाती तर उलटी बसवलेली असतात. आम्ही मॉडेलकडे बघतो आणि मुलाला दोन प्रश्न विचारतो: हे असंच का केलंस? आणि करताना काय बिघडलं होतं? स्वतः केलेलं मूल दुसऱ्या प्रश्नाला थांबतच नाही. फेविकॉल वाळला नाही, पुठ्ठा पाण्यात फुगला, मग आजीने जुना प्लास्टिकचा डबा दिला, असं सगळं सांगतं. विकत आणलेलं मूल पहिल्याच प्रश्नाला आईकडे बघतं. गुण त्या उत्तरांना असतात. मागे एका मुलाने खाडीकिनाऱ्याच्या खारफुटीवर फक्त वहीच्या सहा पानांचा प्रकल्प दिला होता. चित्रं वेडीवाकडी, पण झाडाची मुळं चिखलातून वर का येतात ते त्याला चोख सांगता आलं. त्याला दहापैकी नऊ मिळाले.

९. चित्रकला आणि पीटीमध्ये ब-१ आलं. त्याची पेपर-परीक्षा तर झालीच नाही!

कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण यांना संकलित परीक्षा नसते. शंभरच्या शंभर गुण आकारिकचे. म्हणजे वर्षभर तासाला काय केलं त्याचेच. रंगपेटी सतत घरी विसरणाऱ्याला इथे फटका बसतो, चित्र कितीही छान येत असलं तरी.

१०. सेमी इंग्रजीत घातल्यापासून विज्ञानाचे गुण कमी झाले. विषय कळत नाही की भाषा?

घरी एक साधी गोष्ट करा. धड्यातला एखादा भाग मराठीत समजावून सांगायला लावा. ‘पाण्याची वाफ होते, ती वर जाते, थंड होते’ असं व्यवस्थित सांगितलं तर विषय कळला आहे आणि अडचण इव्हॅपोरेशन, कंडेन्सेशन या शब्दांची आणि त्यांच्या स्पेलिंगची आहे. मराठीतही गाडी अडली तर विषयच राहिला आहे. आम्ही तोंडी घेताना पुष्कळदा हेच करतो. म्हणून सेमीच्या मुलांचे तोंडीचे गुण लेखीपेक्षा बरेच वर दिसले तर बाईंनी उदारपणा केला असं समजू नका.

११. क्लासच्या टेस्टला ९५ पडतात आणि शाळेत ६८. शाळा मुद्दाम कमी देते का?

क्लासची टेस्ट एका धड्यावर असते, शिकवून झाल्यावर आठवड्यात, बऱ्याचदा सरावाला दिलेल्याच प्रश्नांतून. सत्राचा पेपर पाच-सहा धड्यांवर असतो आणि शाळेच्या ६८ मध्ये आकारिकही धरलेलं असतं. दोन वेगळी मापं आहेत. क्लासवाल्यांना पुढच्या वर्षीही तुम्ही फी भरायला हवी असता, हेही लक्षात असू द्या.

१२. वर्गात पहिला नंबर कोणाचा आला?

पहिली ते आठवी प्रगतिपुस्तकावर क्रमांक नसतो, आम्ही काढतही नाही. तरी १ मेला झेंडावंदन आणि निकाल आटोपून गेटाबाहेर आलं की आया-बाबा मिळून दहा मिनिटांत यादी तयार करतात. ती आमच्याकडे पाठवू नये ही विनंती.

१३. सत्रपरीक्षेच्या वेळी डेंग्यू झाला होता. शून्य धरणार?

नाही. डॉक्टरांचा कागद द्या, बरं वाटल्यावर राहिलेले पेपर वेगळ्या दिवशी घेतले जातात. प्रश्नपत्रिका वेगळी असते, म्हणून मित्राची आणून पाठ करण्यात अर्थ नाही. आकारिकमधलं काही बुडलं असेल तर सोपं आहे, कारण ते एकाच दिवसावर अवलंबून नसतं. जुलैत पावसाने शाळा बंद राहिली आणि चाचणी हुकली, तरी हेच लागू. फक्त निकाल लागल्यावर कागद आणू नका. आणि लग्नासाठी गावाला गेलो होतो, हे कारण डेंग्यूच्या खात्यात बसत नाही.

१४. नोव्हेंबरमध्ये डोंबिवलीहून घणसोलीला आलो. पहिल्या सत्राचे गुण कोण देणार?

जुनी शाळा. दाखल्याबरोबर पहिल्या सत्राचं गुणपत्रक सही-शिक्क्यानिशी मागून घ्या, नुसत्या श्रेणी नको, आकारिक-संकलितचे गुण हवेत. नवीन शाळा दुसऱ्या सत्राचं मूल्यमापन करते आणि दोन्ही धरून वार्षिक निकाल लावते. दुसऱ्या मंडळाच्या शाळेतून आलात तर गुणांची रचना जुळत नाही. मग मुख्याध्यापक टक्क्यांवरून मेळ घालतात, हे आधीच बोलून घ्यावं.

१५. पाचवीत एकूण श्रेणी क-१ आहे. तरी गणिताची पुन्हा परीक्षा द्या म्हणतात. असं कसं?

सध्या सर्वात जास्त गोंधळ याचाच आहे. आधी आठवीपर्यंत कुणालाच मागे ठेवत नसत. केंद्राने कायदा बदलून २०१९ पासून राज्यांना पाचवी आणि आठवीत परीक्षा घेण्याची मुभा दिली, आणि महाराष्ट्रात ती २०२३-२४ पासून सुरू झाली. पाचवीला वार्षिक परीक्षा विषयाला ५० गुणांची, आठवीला ६० गुणांची. प्रत्येक विषयात ३५ टक्के हवेत, म्हणजे पाचवीला १८ आणि आठवीला २१.

मेख इथे आहे: हे १८ त्या वार्षिक परीक्षेतलेच हवेत. वर्षभराचं आकारिक त्यात मिळवता येत नाही. म्हणून उपक्रम, वही, तोंडी यांच्या जोरावर एकूण श्रेणी क-१ दिसते आणि गणिताच्या वार्षिक परीक्षेत मात्र बारा असतात. दोन्ही खरं आहे. नियमातले सवलतीचे गुण देऊनही अठरा होत नसतील तर जादा मार्गदर्शन देऊन निकालापासून दोन महिन्यांच्या आत पुनर्परीक्षा होते. तीही गेली तर मूल त्याच वर्गात राहतं. पण त्याला शाळेतून काढता येत नाही, प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत तो हक्क अबाधित आहे. मे महिन्यात गावाला जायची तिकिटं काढण्याआधी पुनर्परीक्षेची तारीख विचारून घ्या.

१६. मग सहावी-सातवीत अभ्यास नाही केला तरी चालतंय?

पुढच्या वर्गात जाईल, हे खरं. ‘ड’च्या खाली श्रेणी आली तर जादा मार्गदर्शन करून ती निदान ‘ड’पर्यंत आणायची जबाबदारी शाळेवर असते. पण आठवीला प्रश्न १५ मधली गाठ पडते, आणि सातवीचे पूर्णांक न येता आठवीचं बीजगणित कुणाला आलेलं मी पाहिलं नाही.

१७. पॅट म्हणून अजून एक परीक्षा झाली. ती धरतात का?

ही राज्याने पाठवलेली नियतकालिक मूल्यांकन चाचणी. शासकीय आणि अनुदानित शाळांत प्रथम भाषा, गणित आणि इंग्रजी या विषयांची होते. वर्षाच्या सुरुवातीची पायाभूत चाचणी मागच्या इयत्तेचं किती उरलंय ते बघायला असते, तिचा श्रेणीशी संबंध नाही. तिच्यात कमी पडले म्हणून घरी ओरडू नका. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर सगळ्यांचंच तसं असतं.

१८. दहावीच्या गुणपत्रिकेत बेरीज वेगळी आणि टक्के वेगळे. कुठे चुकलंय?

चुकलेलं नाही. सहा विषय, सहाशे गुण, पण टक्के उत्तम पाच विषयांवर, म्हणजे पाचशेपैकी काढतात. सहाशेने भागून बघितलं तर आकडा खाली येणारच. त्यात इंटरमिजिएट ड्रॉइंग, खेळ, शास्त्रीय संगीत-नृत्य, लोककला यांचे जादा गुण असले तर ते मिळवले जातात. वर्तमानपत्रात शंभर टक्केवाल्यांचे फोटो येतात ते या वाटेने. इंटरमिजिएटचा फॉर्म आठवी-नववीत भरायचा राहिला की दहावीत हळहळायची वेळ येते.

आणखी एक, दर जूनमध्ये येणारा उपप्रश्न: गणितात तीस असूनही मुलगा पास कसा? गणित आणि विज्ञान मिळून ७० आणि प्रत्येकात किमान २५ असले तर चालतं. गणितात ३०, विज्ञानात ४२ म्हणजे पास. तीन भाषांनाही अशीच सोय आहे: मिळून १०५, प्रत्येकीत किमान २५.

१९. शाळेच्या हातातले २० गुण सगळ्यांनाच अठरा-एकोणीस देतात. मग ठेवलेत कशाला?

एकदा काढून बघितले होते. मार्च २०१९ च्या दहावीला भाषांसारख्या विषयांतले अंतर्गत गुण नव्हते. राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला. सीबीएसईच्या मुलांना अंतर्गत गुण होते, आमच्या मुलांना नव्हते, आणि अकरावीच्या प्रवेशाला सगळे एकाच रांगेत. ओरड झाली, ऑगस्ट २०१९ मध्ये ८०-२० परत आलं आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. त्यात इतरही कारणं होती, मान्य. पण एवढ्या चढउतारावरून दिसतं की हे वीस गुण पास-नापासाच्या रेघेवरच्या मुलांसाठी मोठा आधार आहेत आणि वरच्या मुलांत फरक करायला त्यांचा उपयोग जवळपास नाही. सगळ्यांना एकोणीस देणाऱ्या शाळेबद्दल माझं मत चांगलं नाही. तरी माझ्या शाळेने एकटीने चौदा-पंधरा द्यायला सुरुवात केली तर अकरावीच्या यादीत आमचीच मुलं मागे पडतील, हेही तितकंच खरं.

नववीचे गुण कशाला लागतात, असं मुलं विचारतात. २०२१ मध्ये करोनामुळे दहावीची परीक्षा रद्द झाली तेव्हा शंभरपैकी ५० गुण नववीच्या निकालावरून धरले गेले. ३० दहावीच्या वर्षातल्या शाळेतल्या लेखी मूल्यमापनाचे आणि २० तोंडी-प्रात्यक्षिकाचे. नववीचं वर्ष हसण्यावारी नेलेल्यांची तेव्हा पंचाईत झाली.

२०. शेजारच्या मुलाला सीबीएसईच्या दहावीत ए-वन मिळालं. आपल्या अ-१ इतकंच ना?

नाव सारखं, माप वेगळं. आपल्याकडचा आठवीपर्यंतचा अ-१ म्हणजे ९१ किंवा जास्त, बस. सीबीएसईच्या दहावीच्या बोर्डात मात्र त्या विषयात पास झालेल्या सगळ्या मुलांना गुणांप्रमाणे ओळीने लावतात आणि वरच्या एक अष्टमांश मुलांना ए-वन देतात, पुढच्या अष्टमांशाला ए-टू, असं खाली. म्हणून विषय सोपा गेला त्या वर्षी ९२ ला ए-वन मिळेलच असं नाही, आणि अवघड विषयात नव्वदच्या खालीही मिळू शकतं. त्यांचेही २० गुण अंतर्गत असतात: नियमित चाचण्या, इतर मूल्यमापन, पोर्टफोलिओ आणि विषयसंवर्धन, प्रत्येकी पाच. पास व्हायला ३३ टक्के लागतात, आपल्याकडे ३५.

नेरूळ-खारघरच्या सोसायट्यांत एका मजल्यावर तीन बोर्डांची मुलं असतात. लिफ्टमध्ये श्रेणींची तुलना होते आणि ती कुठेच जुळत नाही.

२१. शाळा उत्तरपत्रिका घरी देत नाही. बघायचा हक्क आहे का?

पालकसभेत किंवा ओपन हाऊसला वर्गात बसून बघता येते, बहुतेक शाळा मुलांकडून त्यावर सहीही घेतात. घरी देत नाहीत कारण त्या नोंद म्हणून जपून ठेवायच्या असतात. बघताना फक्त बेरीज तपासू नका. कोणत्या प्रकारच्या प्रश्नाला गुण गेले ते लिहून घ्या: कारणे द्या, शाब्दिक उदाहरणं, नकाशा, निबंध. मोबाईलवर फोटो काढायचा असेल तर आधी विचारा.

दहावीसाठी वेगळी वाट आहे. स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका बघण्याचा परीक्षार्थीचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये मान्य केला. आपल्या मंडळाकडे आधी छायाप्रतीसाठी अर्ज, ती विषयशिक्षकांना दाखवून मगच पुनर्मूल्यांकनासाठी अर्ज, असा क्रम आहे. फक्त बेरजेची शंका असेल तर गुणपडताळणी पुरते. ठाणे आणि नवी मुंबई मुंबई विभागात येतात, विभागीय मंडळाचं कार्यालय वाशीला आहे. निकालानंतर मुदत थोडी असते, म्हणून छायाप्रतीचा विचार पहिल्याच आठवड्यात करा.

२२. ‘विशेष प्रगती’, ‘आवड/छंद’, ‘सुधारणा आवश्यक’ या रकान्यांत सगळ्यांना तेच लिहिलेलं असतं. वाचायचं कशाला?

‘अभ्यासात सातत्य ठेवावे’ असं लिहिलेलं असेल तर सोडून द्या, ते चाळीस जणांना लिहिलेलं आहे. पण ‘उताऱ्यावरील प्रश्नांची उत्तरे स्वतःच्या शब्दांत लिहिते’ किंवा ‘हातच्याची वजाबाकी करताना चुकते’ असं काही दिसलं तर तेवढी ओळ अख्ख्या प्रगतिपुस्तकापेक्षा मोलाची आहे, कारण ती लिहिताना बाईंच्या डोळ्यासमोर तुमचंच मूल होतं.

२३. मुलाला डिस्लेक्सिया आहे असं समुपदेशकांनी सांगितलं. गुणांत काय फरक पडेल?

नुसत्या सांगण्याने काही नाही, प्रमाणपत्र लागतं. ते शासनमान्य केंद्रातूनच हवं. मुंबईत शीव रुग्णालयातलं अध्ययन अक्षमता केंद्र पालकांना माहीत असतं. तपासणी एका भेटीत होत नाही आणि तारखा लांबच्या मिळतात. प्रमाणपत्रानंतर जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांसाठी गुण न कापणं अशा सवलती मिळतात आणि बोर्डातही चालतात. दहावीच्या जानेवारीत धावपळ करण्यापेक्षा सातवी-आठवीतच काम उरका. आकारिकमध्ये मात्र प्रमाणपत्राची वाट न बघता शिक्षक तोंडी कामावर जास्त गुण ठेवू शकतात. तसं सुचवून बघा, बहुतेक बाई तयार होतात.

२४. ओपन हाऊसला पाच मिनिटं मिळतात. काय विचारू?

एकाच विषयाचे रकाने दाखवायला सांगा (प्रश्न ५), ज्यात चिंता आहे तो. सगळे विषय काढलेत तर ‘हुशार आहे, पण मस्ती करतो’ यावर वेळ संपेल. मुलाला बरोबर आणा आणि त्याच्यासमोर त्याच्या भावाबहिणीचा विषय काढू नका.

२५. आम्ही दोघंही नोकरीवर. निकालाला आजोबा आले आणि त्यांनीच सही केली तर चालेल का?

चालेल. मुलाच्या डायरीत तशी चिठ्ठी आदल्या दिवशी लिहून पाठवा आणि आजोबांकडे ओळखपत्र द्या. चष्माही आठवणीने द्या, रकान्यांचे आकडे बारीक असतात. प्रगतिपुस्तक सही करून जूनमध्ये परत आणायचं असतं. हरवलं तर दुय्यम प्रतीसाठी कार्यालयात अर्ज करावा लागतो, आणि कार्यालय दुपारी दीड ते दोन बंद असतं.